नऊ वर्षांचा अनुभव आणि परत आलेला अर्ज

हे प्रकरण एका स्क्रम मास्टरचं आहे. स्क्रम म्हणजे छोट्या, ठराविक मुदतीच्या टप्प्यांत काम करण्याची टीमची एक पद्धत, आणि ती नीट वापरायला टीमला मदत करणारी व्यक्ती म्हणजे स्क्रम मास्टर. नऊ वर्षं टीमसोबत काम केल्यावर त्यांनी अजाइल पद्धतींच्या (टप्प्याटप्प्याने काम करत बदल सामावून घेणाऱ्या पद्धती, स्क्रम त्यातलीच एक) प्रमाणित प्रशिक्षक होण्यासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. एकोणीस महिन्यांनी दुसऱ्या अर्जाला होकार आला. मधल्या काळात मी त्यांचा मार्गदर्शक होतो आणि तीन वर्ग आम्ही मिळून घेतले. त्यांच्या संमतीने लिहितो आहे. त्यांचं नाव, कंपनी आणि प्रमाणपत्र देणारी संस्था गाळली आहे, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना ‘अर्जदार’ म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

अर्जदार सॉफ्टवेअर टेस्टिंगमधून स्क्रमकडे आल्या. पहिली दोन वर्षं एका टीमच्या स्क्रम मास्टर, नंतर एकाच प्रॉडक्टवरच्या चार टीमच्या. कंपनीत नवीन आलेल्यांना स्क्रम शिकवायचं कामही हळूहळू त्यांच्याकडेच आलं. बोलणं ओघवतं, उदाहरणं स्वतःच्या कामातली, त्यामुळे त्यांच्या सत्रांना गर्दी व्हायची. फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी पावणेपाचच्या खाली गुण क्वचित दिसायचे. ‘हेच पूर्णवेळ करावं’ असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं.

बाहेरून पाहणाऱ्याचा एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. स्क्रम मास्टरचं प्रमाणपत्र आणि प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र या एकाच जिन्याच्या खालच्या-वरच्या पायऱ्या नाहीत. स्क्रम अलायन्स या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची सर्टिफाइड स्क्रम मास्टरची परीक्षा ५० प्रश्नांची आहे, त्यातले ३७ बरोबर यावे लागतात. स्क्रम डॉट ऑर्ग या दुसऱ्या संस्थेच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेत ६० मिनिटांत ८० प्रश्न असतात आणि ८५ टक्के गुण लागतात. अशा परीक्षा नीट अभ्यास केला की सुटतात. प्रशिक्षकाच्या बाबतीत परीक्षा हा फक्त उंबरठा आहे. पुढे अनुभवाचा तपशील मागतात, आधीच्या प्रशिक्षकांसोबत वर्ग घ्यावे लागतात, आणि शिकवताना तुम्हाला पाहिलेल्या माणसांचं मत विचारलं जातं. मग जाणकार मंडळी समोर बसवून प्रश्न करतात, शिकवूनही बघतात.

अर्जदारांनी पहिला अर्ज भरला तेव्हा हे सगळं कागदावर वाचलेलं होतं. पण नऊ वर्षांचा अनुभव बाकीच्या उणिवा भरून काढेल, असं त्यांनी धरलं होतं. मीही तसंच धरलं होतं.

अडचण

नकाराच्या पत्रात तीन मुद्दे होते, आणि तिन्ही थेट होते.

पहिला मुद्दा शिफारसपत्रांचा. पाच पत्रं जोडलेली होती, पाचही भरभरून कौतुकाची, पण त्यातल्या चार जणांनी अर्जदारांना शिकवताना कधी पाहिलंच नव्हतं. ते त्यांचे वरिष्ठ होते, सहकारी होते. समितीला हवी असलेली साक्ष वर्गातली होती.

दुसरा मुद्दा अनुभवाच्या विस्ताराचा. नऊ वर्षं, पण एकच कंपनी आणि एकच प्रॉडक्ट. खुल्या वर्गात बँकेतला माणूस येतो, वैद्यकीय उपकरणं बनवणारा येतो, जाहिरात विभागातली बाई येते. ‘आमच्याकडे असं करतो’ या एका वाक्यावर त्यांना किती काळ थांबवणार?

तिसरा मुद्दा सर्वांत जिव्हारी लागला. अर्जासोबत दिलेल्या स्लाइडमध्ये स्क्रमचे नियम आणि कंपनीच्या सवयी यांची सरमिसळ झाली होती. ‘डेलीचे तीन प्रश्न’ ही स्लाइड नियम म्हणून मांडलेली होती. डेली म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक. काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय, हे प्रश्न स्क्रमचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइड या पुस्तिकेच्या नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीत नाहीत. तिथे पंधरा मिनिटांची बैठक आणि स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या एका ठराविक टप्प्याच्या, ध्येयाकडे आपण कुठवर आलो हे पाहणं एवढंच आहे, रचना डेव्हलपरनी ठरवायची. याच आवृत्तीत ‘रोल’ हा शब्द जाऊन त्या जागी उत्तरदायित्वाची भाषा आली. स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) आणि व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं काम होतं ते) गाइडमध्ये नाहीत. यूजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेली गरज) एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या अजाइल पद्धतीतून आली आहे. ‘स्प्रिंट झिरो’ (तयारीपुरता आधीचा स्प्रिंट) तर गाइडच्या कुठल्याच आवृत्तीत नव्हता. अर्जदारांच्या डेकमध्ये, म्हणजे स्लाइडच्या संचात, हे सगळं स्क्रम म्हणून एका ओळीत बसलेलं होतं.

या गोष्टी वापरू नयेत असं कुणाचंच म्हणणं नाही. मी स्वतः यूजर स्टोरी शिकवतो. पण वर्गातून बाहेर पडलेला माणूस उद्या टीमला सांगतो, ‘स्क्रममध्ये पॉइंट द्यावेच लागतात’, आणि एक ऐच्छिक साधन सक्तीचा नियम होऊन बसतं. प्रशिक्षकाची छोटीशी ढिलाई शेकडो टीमपर्यंत अशी पोचते, म्हणून समिती याबाबत कडक असते. माझ्या मते तिने तसंच असावं.

पत्र आलं त्या दिवशी अर्जदार फोनवर म्हणाल्या, “सर, नऊ वर्षं केलेलं काम खोटं होतं का?” मी म्हणालो, “काम खरं आहे. पण ते काम केलं याचा पुरावा तुम्ही दिलाय, शिकवता येतं याचा दिलेला नाही.” हे त्या दिवशी त्यांना पटलं नाही. पटायला एक वर्ग जावा लागला, त्याबद्दल पुढे येईलच.

समोरचे पर्याय

पर्याय चार होते. आम्ही ते एका कागदावर मांडले आणि दोन आठवडे तसेच ठेवले.

पहिला: अर्ज दुरुस्त करून लगेच पुन्हा पाठवायचा. स्लाइड सुधारायच्या, वर्गात पाहिलेल्या दोघा-तिघांची पत्रं जोडायची. माझा कल इकडे होता, आणि तो चुकीचा होता. स्लाइडमधल्या चुका मला वरवरच्या वाटल्या होत्या.

दुसरा: वाट बदलायची. या क्षेत्रात प्रशिक्षक होण्याचे मार्ग एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. स्क्रम अलायन्सचा प्रशिक्षक आपला अभ्यासक्रम स्वतः रचतो, फक्त ठरवून दिलेली शिकण्याची उद्दिष्टं त्यात यावी लागतात. स्क्रमचे एक जनक केन श्वेबर यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या स्क्रम डॉट ऑर्गमध्ये सगळे प्रशिक्षक एकच सामायिक साहित्य वापरतात. आयसीअजाइल ही संस्था अभ्यासक्रमाला आणि तो शिकवणाऱ्याला मान्यता देते. एपीएमजी या संस्थेच्या परीक्षांसाठी शिकवायचं तर मान्यताप्राप्त प्रशिक्षणसंस्थेमार्फत जावं लागतं. आणि सेफमध्ये, म्हणजे मोठ्या संस्थांसाठीच्या अजाइल चौकटीत, चार दिवसांचा अभ्यासक्रम करून परीक्षा दिली की एसपीसी (सेफचा प्रमाणित सल्लागार) म्हणून त्यांचे अनेक वर्ग घेण्याची वाट मोकळी होते. यातली एखादी वाट अर्जदारांना लवकर पोचवू शकली असती. पण त्यांना जे शिकवायचं होतं ते छोट्या टीमचं रोजचं काम होतं, मोठ्या संस्थेची रचना नव्हे. केवळ दार लवकर उघडतं म्हणून विषय बदलायला त्या तयार नव्हत्या.

तिसरा: प्रमाणपत्राशिवाय शिकवायचं. हा पर्याय लोक उगाच कमी लेखतात. स्क्रम गाइड क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना खुलं आहे, स्क्रम शिकवायला कुणाची परवानगी लागत नाही. परवाना लागतो तो विशिष्ट संस्थेच्या नावाचं प्रमाणपत्र विद्यार्थ्यांना मिळवून देण्यासाठी. कंपनीच्या आत शिकवत राहायचं असेल तर अर्जदारांना या सगळ्याची गरज नव्हती. हे मी त्यांना दोनदा विचारलं. खुल्या वर्गात अनोळखी लोकांना शिकवायचंय, आणि तिथे येणारे बहुतेक जण प्रमाणपत्रासाठीच पैसे भरतात, हे त्यांचं उत्तर होतं. उत्तर व्यावहारिक होतं, मला पटलं.

चौथा: एक-दीड वर्ष थांबून वेगवेगळ्या प्रशिक्षकांसोबत वर्ग घ्यायचे आणि मग अर्ज करायचा. हा सर्वांत महाग पर्याय. रजा खर्ची पडणार, प्रवास स्वतःच्या खिशातून, आणि शेवटी होकार मिळेलच याची हमी नाही.

निवड त्यांनी केली: चौथा पर्याय, आणि त्यासोबत तिसऱ्याचा एक भाग. कंपनीतली अर्ध्या दिवसाची सत्रं चालू ठेवायची, पण तिथे नवीन पद्धती करून बघायच्या. चुकलं तर आपल्याच माणसांसमोर चुकेल.

काय केलं

पहिला एकत्र वर्ग दोन दिवसांचा होता, २२ जण. पहिला दिवस अर्जदारांनी घ्यायचा असं ठरलं. मी मागच्या रांगेत घड्याळ घेऊन बसलो आणि त्या किती वेळ बोलतात ते मोजलं. शिकवण्याच्या सात तासांतले पाच तास दहा मिनिटं त्या बोलत होत्या.

वर्ग रंगला होता, यात शंका नाही. एकाने विचारलं, “आमचा मॅनेजर डेलीला येऊन प्रत्येकाकडून स्टेटस घेतो. काय करायचं?” अर्जदारांनी आपल्या टीममधला तसाच प्रसंग सांगितला. बारा मिनिटं. सगळे कान देऊन ऐकत होते, शेवटी हसले, माना डोलावल्या. तासाभराने मी प्रत्येक टेबलाला एक कोरा कागद दिला: डेली कशासाठी असते, ती कुणाची, आणि मॅनेजरला तिथे काय करता येतं, हे स्वतःच्या शब्दांत लिहा. पाचपैकी चार टेबलांनी लिहिलं, ‘टीमचं स्टेटस कळण्यासाठी.’ गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली होती, पण गोष्टीतला मुद्दा त्यांच्या हाती लागला नव्हता.

संध्याकाळचे फीडबॅक फॉर्म पुन्हा पावणेपाचचे. ते आणि ते पाच कागद मी अर्जदारांसमोर शेजारी-शेजारी ठेवले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे त्यांना मी आवडते, पण ते शिकत नाहीत.” डोनल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मोजमापाच्या चार पातळ्या मांडल्या: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर वागणं बदललं का, आणि त्यातून संस्थेला काय मिळालं. अर्जदार नऊ वर्षं पहिलीच पातळी मोजत आल्या होत्या. खरं सांगायचं तर आपल्यातले बहुतेक जण तेवढीच मोजतात, कारण ती मोजायला दोन मिनिटं लागतात आणि आकडा सुखावणारा येतो.

त्यानंतर डेक उलगडायला घेतला. १४८ स्लाइड होत्या. प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न: हिच्यानंतर समोरच्याला असं काय करता येईल, जे आधी येत नव्हतं? उत्तरात ‘समजेल’ आणि ‘माहीत होईल’ ही क्रियापदं चालणार नाहीत असं ठरवलं. ओळखेल, फरक सांगेल, लिहून दाखवेल, निवडून कारण देईल अशी क्रियापदं हवीत. शिकण्याची उद्दिष्टं पायऱ्यांत मांडणाऱ्या ब्लूमच्या वर्गीकरणाचा हाच उपयोग आहे, तक्ता भिंतीवर लावण्यापेक्षा तो इथे कामी येतो.

सर्वांत कठीण गेला तो इतिहासाचा भाग. अर्जदारांना इतिहासाची मनापासून आवड. १९९५ च्या ऊप्स्ला (OOPSLA) या सॉफ्टवेअरच्या परिषदेत श्वेबर आणि जेफ सदरलंड यांनी मांडलेला स्क्रम, फेब्रुवारी २००१ मध्ये यूटामधल्या स्नोबर्डला जमलेले १७ जण, तिथे लिहिला गेलेला अजाइलचा जाहीरनामा. चाळीस मिनिटांचं रसाळ कथन होतं. क्रियापदाच्या कसोटीवर त्यातलं जवळजवळ काहीच टिकलं नाही. शेवटी त्यांनी जाहीरनाम्याची चार मूल्यं (प्रत्येक ‘उजवीकडच्यापेक्षा डावीकडचं जास्त मोलाचं’ अशा रूपात) भिंतीवर चार फ्लिपचार्टवर लिहिली आणि लोकांना आपल्या कामातली एकेक खरी सवय स्टिकी नोटवर लिहून योग्य जागी लावायला सांगितली. उजव्या बाजूला, म्हणजे प्रक्रिया, दस्तऐवज, करार, आराखडा यांच्याकडे, नोटांची दाटी झाली की चर्चा आपोआप सुरू होते. सतरा जणांची गोष्ट आता दोन वाक्यांत येते, तीही कुणी विचारलं तरच. डेक ३१ स्लाइडवर आला.

नाण्यांच्या खेळाचा प्रसंग थोडा विस्ताराने सांगतो, कारण शिकवण्यातला बदल मला तिथे डोळ्यांनी दिसला. खेळ जुना आणि साधा आहे. चार जण ओळीत बसतात, वीस नाणी. प्रत्येकाने सगळी नाणी एकेक करून उलटायची आणि पुढच्याकडे द्यायची. पहिल्या फेरीत वीसच्या वीस एकदम पुढे सरकवायची, दुसरीत पाच-पाच, तिसरीत एकेक. एका नाण्याला एक सेकंद धरला तर पहिल्या फेरीत ग्राहकाच्या हातात काहीही पडायला ८० सेकंद लागतात. पाच-पाचच्या फेरीत पहिला गठ्ठा २० सेकंदांना येतो, सगळं काम ३५ ला संपतं. एकेकाच्या फेरीत पहिलं नाणं चौथ्या सेकंदाला, शेवटचं तेविसाव्या. माणसं तीच, वेगही तोच, फक्त गठ्ठ्याचा आकार बदलला.

पूर्वी अर्जदार खेळ संपताच फळ्याकडे जाऊन निष्कर्ष लिहीत: ‘छोटे गठ्ठे, जलद प्रवाह.’ लोक तो वहीत उतरवून घेत. आता ठरलं की आकडे फळ्यावर लिहायचे आणि गप्प बसायचं, मनात दहापर्यंत मोजायचं. पहिल्यांदा त्यांना चारच्या पुढे मोजवलं नाही, शांतता असह्य होऊन त्यांनीच उत्तर दिलं. तिसऱ्या वर्गात मात्र त्या खरोखर थांबल्या. आठ-नऊ सेकंदांनी मागच्या टेबलावरून एक जण म्हणाला, “पण तिसऱ्या फेरीत प्रत्येक माणूस आधीच्यापेक्षा जास्त वेळा हात बदलत होता, तरी सगळं मिळून लवकर संपलं. मग आम्ही प्रत्येकाला शंभर टक्के गुंतवून ठेवायच्या मागे का आहोत?” असं वाक्य स्लाइडवर लिहून लोकांच्या तोंडी देता येत नाही. त्यानंतर तीनच प्रश्न: काय झालं, त्याचा अर्थ काय लावता, सोमवारी कामावर काय वेगळं कराल? खेळाला दहा मिनिटं आणि त्यावरच्या बोलण्याला वीस, हे प्रमाण त्यांनी आजतागायत ठेवलं आहे.

एकूण चार वेगवेगळ्या प्रशिक्षकांसोबत त्यांनी वर्ग घेतले. त्यातले दोघे कामाला किती लागेल याच्या अंदाजांच्या बाबतीत अगदी उलट मताचे: एक म्हणे टीमने अंदाज करावेतच, त्यातून संभाषण घडतं, दुसऱ्याच्या मते काम पुरेसं लहान केलं की मोजणी पुरते, अंदाज लागत नाहीत. अर्जदार सुरुवातीला ज्याच्यासोबत वर्ग असेल त्याचीच बाजू मांडत. दुसऱ्या प्रशिक्षकाने त्यांना वर्गानंतर विचारलं, “तुमचं स्वतःचं काय मत?” त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन त्यांनी आपल्या चार टीमच्या आठवणी आणि नोंदी चाळल्या आणि एक पानभर मत लिहून काढलं, कुठल्या परिस्थितीत काय आणि का. पुढे मुलाखतीत हाच प्रश्न आला.

अनुभवाचा विस्तार करण्यासाठी त्या सॉफ्टवेअरशी संबंध नसलेल्या एका टीमला सहा महिने आठवड्यातून एकदा मदत करत होत्या. ही टीम प्रशिक्षणाच्या पुस्तिका तयार करायची: लेखक, चित्रकार, मुद्रितशोधक. ‘डेफिनिशन ऑफ डन’ (काम ‘पूर्ण’ कधी म्हणायचं याची टीमची व्याख्या) तिथे पहिल्याच महिन्यात अडकली. लेखकाच्या मते मजकूर झाला की झालं, मुद्रितशोधकाच्या मते तेव्हा कामाची सुरुवात. अर्जदारांची टेस्टिंग आणि डिप्लॉयमेंटची सगळी उदाहरणं इथे निकामी होती. ‘वाचकाच्या हातात देता येईल असं’ या कसोटीवर टीमने आपली व्याख्या लिहिली, आणि अर्जदारांना सॉफ्टवेअरचा एकही शब्द न वापरता इन्क्रिमेंट (स्प्रिंटमधून तयार झालेला, वापरता येईल असा भाग) समजावण्याची भाषा सापडली.

आणखी एक काम त्यांनी स्वतःहून सुरू केलं, माझ्या सल्ल्याशिवाय. प्रत्येक वर्गानंतर सहा आठवड्यांनी आठ-दहा जणांना फोन. प्रश्न एकच: “तेव्हापासून कामात काय बदललं?” उत्तरं उत्साहवर्धक नव्हती. बरेच जण म्हणाले, रेट्रोचा, म्हणजे कामाच्या पद्धतीचा आढावा घेणाऱ्या बैठकीचा, फॉरमॅट बदलला. काहींनी ‘डन’ची व्याख्या लिहून भिंतीवर लावली होती. निम्म्यांहून जास्त लोकांकडे काहीच बदललं नव्हतं. त्यांनी हे सगळं जसंच्या तसं वहीत लिहिलं, आणि कारणं शोधताना लक्षात आलं की बदल जवळजवळ तिथेच टिकला जिथे एकाच टीममधले दोघे-तिघे वर्गाला एकत्र आले होते. म्हणून वर्गाच्या शेवटच्या तासात त्यांनी एक भाग घातला: एकटे आलेल्यांनी परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात कुणाशी, काय बोलायचं, ते इथेच ठरवायचं आणि शेजाऱ्यासमोर बोलून बघायचं.

ऑनलाइन वर्गांचंही बरंच शिकावं लागलं, पण त्यात सांगण्यासारखं एकच: ब्रेकआउट रूममध्ये लोकांना पाठवण्याआधी सूचना लेखी हव्यात, बोललेल्या सूचना दारातच हरवतात.

निकाल

दुसऱ्या अर्जात शिफारसपत्रं चारच होती, आणि चारही सोबत शिकवलेल्या प्रशिक्षकांची. एकात अर्जदारांच्या उणिवांवर पूर्ण परिच्छेद होता. तो काढायला सांगावा का, असं त्यांनी मला विचारलं. मी नको म्हणालो. समितीच्या प्रश्नांवरून दिसलं की सर्वांत जास्त विश्वास त्याच पत्रावर बसला. फोनच्या नोंदींची वहीही जोडली होती, निम्म्यांहून जास्त लोकांकडे काहीच बदललं नाही या वाक्यासकट.

शिकवून दाखवण्याच्या भागात समितीतल्या एकाने अडून बसलेल्या विद्यार्थ्याची भूमिका घेतली. “आमच्याकडे तीन प्रॉडक्ट ओनर आहेत आणि आमचं छान चाललंय.” गाइड म्हणतं की प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कोणतं काम आधी करायचं हे ठरवणारी, ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे. पूर्वीच्या अर्जदारांनी हे वाक्य ऐकवलं असतं आणि मागोमाग एक गोष्ट सांगितली असती. या वेळी त्यांनी विचारलं, “तिघांचं मत वेगळं पडलं असा अलीकडचा एक प्रसंग सांगता? टीमने कोणाचं ऐकलं?” समोरच्याला प्रसंग रचावा लागला, आणि रचता रचता त्यानेच सांगितलं की टीमने तीन दिवस वाट पाहिली. मग अर्जदार बाकीच्यांकडे वळल्या: “या तीन दिवसांची किंमत कोणी भरली?” गाइडमधलं वाक्य त्यांनी शेवटी वाचलं.

होकार आला. सोबत एक नोंद होती: तांत्रिक सरावांची बाजू कच्ची आहे. टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट (आधी टेस्ट, मग कोड), सतत एकत्रीकरण (सगळ्यांचा कोड वारंवार एकत्र जोडणं), पेअर प्रोग्रॅमिंग (दोघांनी मिळून कोड लिहिणं) यावरच्या प्रश्नांना त्यांची उत्तरं पुस्तकी होती. नोंद योग्य होती.

होकारानंतरचं वास्तवही नोंदवायला हवं. तीन महिन्यांनी अर्जदारांनी नोकरी सोडली आणि पहिला खुला वर्ग जाहीर केला. चार जणांनी नावं नोंदवली, वर्ग रद्द करावा लागला. दुसराही. वर्ग भरवणं हे वेगळंच काम आहे, आणि आमच्या दीड वर्षाच्या तयारीत त्यासाठी एकही दिवस दिलेला नव्हता. तिसरा वर्ग ज्यांच्यासोबत पूर्वी शिकवलं होतं अशा एका प्रशिक्षकाबरोबर जोडून घेतला, तेव्हा तो भरला.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिला अर्ज पाठवायची घाई टाळता आली असती. सोबतीने वर्ग घेणं ही अर्जाची अट म्हणून पाहिली गेली, शिकण्याची जागा म्हणून नाही. दोन वर्ग आधी झाले असते तर डेकमधली सरमिसळ तिथेच कुणीतरी दाखवली असती. माझी जबाबदारी इथे मोठी आहे. मी तो डेक पाहिला होता, तीन प्रश्नांची स्लाइडही पाहिली होती, आणि ‘चालतं’ म्हणून पुढे गेलो होतो.

नकारानंतर लगेच पुन्हा अर्ज करायचा माझा सल्ला त्यांनी मानला असता, तर माझ्या अंदाजाने दुसरा नकार आला असता. दोन आठवडे कागद तसाच ठेवण्याचा निर्णय त्यांचा होता. तेवढ्या काळात राग निवला आणि पत्र पुन्हा वाचता आलं.

सहा आठवड्यांनंतरचे फोन अगदी पहिल्या वर्षापासून करता आले असते. त्याला ना प्रमाणपत्र लागतं, ना परवानगी. कंपनीतल्याच लोकांना विचारायचं होतं. नऊ वर्षांची ती माहिती आज कुणाकडेच नाही, याची अर्जदारांना सर्वांत जास्त खंत आहे.

नोकरी सोडण्याच्या वेळेबद्दल आमच्यात अजूनही मतभेद आहे. माझ्या मते दोन वर्ग भरून झाल्यावर सोडायला हवी होती. त्यांचं म्हणणं असं की नोकरी असती तर रद्द झालेल्या पहिल्या वर्गानंतर त्यांनी दुसरा जाहीरच केला नसता.

डेक छाटताना काही चांगलं हरवलं का, हाही प्रश्न उरतो. एका जुन्या विद्यार्थ्याने मागच्या वर्गानंतर विचारलं, “मॅडम, तुमच्या त्या गोष्टी आता सांगत नाही का?” अर्जदारांनी दोन गोष्टी परत आणल्या आहेत, दोन्ही खेळांच्या नंतर, लोकांचं बोलून झाल्यावर. एक चार मिनिटांची, दुसरी तीन.

तांत्रिक बाजूसाठी त्या सध्या दर शुक्रवारी दुपारी दोन डेव्हलपरसोबत बसतात. आधी टेस्ट लिहायची, मग कोड, मग सफाई. कोड लिहायची सवय सुटून बरीच वर्षं झाली आहेत, त्यामुळे वेग कमी आहे. पुढच्या वर्गात हा भाग स्वतः घ्यायचा की सहप्रशिक्षकाकडे द्यायचा, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही.